गोल न झाल्याची नोंद

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्या माणसाचं चरित्र लिहायला सोपं असतं. अमक्या मिनिटाला, अमक्या पायाने, तमक्या संघाविरुद्ध. आकडे वाढत जातात, शेवटी बेरीज मांडली की काम झालं. गोलकीपरचं चरित्र लिहायला बसलं की खरी पंचाईत कळते. ह्या माणसाने जन्मभर घाम गाळून जे केलं त्याचा परिणाम काय, तर काहीतरी झालं नाही! आता जे झालंच नाही ते शोधायचं कुठे आणि लिहायचं कसं?

गेले तीन वीकएंड मी ब्रह्मानंद शंखवाळकर ह्या माणसाबद्दल हाताला लागेल ते वाचतोय आणि दर वेळी ह्याच भिंतीवर जाऊन आपटतोय. नाव ऐकलंय? ऑफिसात जेवणाच्या टेबलावर विचारलं तर आठ जणांत एकालाही माहीत नव्हतं. त्यातले तिघे शनिवारी रात्री जागून इंग्लंडमधल्या मॅचेस बघणारे आहेत, त्यांना तिकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या गोलकीपरची नावंसुद्धा पाठ. एकाने तर "शास्त्रीय गातात ना ते?" असं विचारलं. :)

तर मंडळी, आधी ओळख करून देतो. १९५४ सालचा जन्म, गोव्याचे. वास्कोच्या साळगावकर क्लबचे गोलकीपर, कारकिर्दीचा मोठा भाग तिथेच गेला. भारताकडून १९७६ ते १९८६ अशी दहा वर्षं खेळले, आणि त्यातली १९८३ ते १९८६ ही वर्षं संघाचे कप्तान होते. संतोष ट्रॉफी १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ दोन वर्षं गोव्याला मिळाली, तेव्हा गोव्याच्या गोलमध्ये हेच. १९९७ साली अर्जुन पुरस्कार, तो मिळवणारे गोव्याचे पहिले फुटबॉलपटू. खेळणं थांबल्यावर प्रशिक्षक झाले, भारतीय संघाच्या गोलकीपरनाही शिकवलं. गोव्यातली मुलं फुटबॉलकडे वळावीत म्हणून स्थापन झालेल्या गोवा फुटबॉल डेव्हलपमेंट कौन्सिलच्या कामातही होते. २०२२ साली पद्मश्री.

बस. एका परिच्छेदात संपलं की नाही? हीच पंचाईत.

त्यातल्या त्यात त्या १९८३ च्या संतोष ट्रॉफीची गंमत बघा. अंतिम सामना गोवा विरुद्ध बंगाल. बंगाल म्हणजे ह्या स्पर्धेतला दादा संघ, स्पर्धा १९४१ मध्ये सुरू झाली तेव्हापासूनचा. आणि अंतिम लढतीत गोलच झाला नाही. दोन्ही बाजूंनी शून्य. शेवटी दोघांना मिळून विजेते जाहीर केलं. पुढच्या वर्षी गोव्याने पंजाबला १-० असं हरवून ट्रॉफी एकट्याने जिंकली. म्हणजे दोन वर्षांच्या दोन फायनल्स मिळून गोव्याने गोल मारला एक, आणि खाल्ला एकही नाही. तो एक गोल कोणी मारला त्याची नोंद आहे. न खाल्लेल्या गोलांची नोंद म्हणजे नुसतं एक शून्य. त्या शून्याच्या आत किती धावपळ, किती उड्या, बचावफळीला घातलेल्या किती हाका आणि किती शिव्या मावल्या असतील ते स्कोअरकार्डावरून कळायला मार्ग नाही.

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच रत्नागिरीला घरी गेलो होतो, आणि तिथे दुसराच प्रश्न पडला. हा माणूस गोव्याचाच का? आमच्याकडचा का नाही?

प्रश्न वाटतो तितका येडा नाहीये. रत्नागिरीहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, पणजी त्याहून बरीच जवळ. तोच जांभा दगड, तोच चार महिने कोसळणारा पाऊस, तीच भाताची खाचरं. कापणी झाली की मोकळा झालेला मळा पोरांच्या ताब्यात येतो तोसुद्धा दोन्हीकडे. पण त्या मळ्यात गोव्याची पोरं फुटबॉल खेळतात आणि आमची क्रिकेट. नाहीतर कबड्डी. बरं, घाट चढून गेलं तर कोल्हापूर. तिथे तर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं आणि दुसऱ्या दिवशी अर्धं गाव त्याच विषयावर भांडत असतं. म्हणजे खाली फुटबॉल, वर फुटबॉल, मध्ये आम्ही कोरडे!

थोडं खणलं तर कारणं सापडतात. गोव्यात हा खेळ आणला तो फादर विल्यम लायन्स ह्या पाद्र्याने, १८८३ साली, शिवोलीला. तिथून तो शाळांत आणि चर्चपुढच्या मैदानांत गेला आणि गावोगाव पसरला. पण नुसतं मैदान असून भागत नाही, पोरगा वीस वर्षांचा झाला की पोटाचं काय हा प्रश्न येतोच. गोव्यात त्याचं उत्तर खनिजाच्या धंद्याने दिलं. साळगावकर, धेंपो, सेसा ही नावं एका बाजूला लोहखनिजाची आणि दुसऱ्या बाजूला फुटबॉल संघांची. चांगला खेळणाऱ्या पोराला गावाजवळच पगार मिळायला लागला. आमच्याकडे वीस वर्षांचा पोरगा म्हणजे मुंबईचा चाकरमानी. गिरणीत, गोदीत, नाहीतर कुणाच्या तरी ओळखीने कुठेतरी. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा. आता दोन सणांत मिळून होतात किती दिवस? तेवढ्यात अंडरआर्म क्रिकेटची टुर्नामेंट होते, फुटबॉलचा संघ उभा राहत नाही.

ह्यामुळे शंखवाळकरांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट मला जास्त ठळक दिसायला लागली. त्या काळी भारतात फुटबॉलमधलं मोठं नाव व्हायचं ते कोलकात्यात. मोहन बागान, ईस्ट बंगाल, लाखाची गर्दी, दुसऱ्या दिवशीचा पेपर. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताचा कप्तान गोलकीपरच होता, भास्कर गांगुली, तो कोलकात्याचा. त्यानंतरचा कप्तानही गोलकीपर, पण तो वास्कोच्या क्लबचा. देशाच्या नकाशात एका कोपऱ्यात राहून देशाच्या संघाचं कप्तानपद मिळवायचं, तेही गोलकीपर म्हणून! नजरेत भरण्याची सोय जवळजवळ नाहीच अशा ठिकाणी, नजरेत न भरणारं काम करून.

आता ह्या कामाबद्दल थोडं. आपण इंजिनीअर लोक, त्यामुळे आकडे आले की बरं वाटतं.

गोलपोस्टची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर. समोर सोळा मीटरवर स्ट्रायकर चेंडू घेऊन उभा आहे असं धरा. गोलकीपर रेषेवरच थांबला तर त्याला सगळे ७.३२ मीटर राखायचे आहेत. तो चार मीटर पुढे आला तर त्या जागी राखायची रुंदी उरते साधारण साडेपाच मीटर. आठ मीटर पुढे आला तर निम्मी, ३.६६. दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही. मग सरळ पुढेच का येऊ नये? कारण फार पुढे आलं की डोक्यावरून चेंडू टाकता येतो, शिवाय बाजूला पास झाला तर मागे आख्खा गोल उघडा. म्हणजे प्रत्येक क्षणाला बरोबर अशी एकच जागा असते, आणि चेंडू हलला की ती जागाही हलते. चांगला गोलकीपर नव्वद मिनिटं त्या हलत्या जागेच्या मागे चालत असतो. आपण टीव्हीवर बघतो ती उडी म्हणजे पुष्कळदा पावलांनी करायचं काम थोडं उरलं म्हणून मारावी लागलेली असते. पावलं बरोबर पडली तर चेंडू सरळ छातीवर येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, हॅ, सोपा होता.

पेनल्टीचा हिशोब तर आणखी क्रूर. अकरा मीटर अंतर, ताशी शंभर किलोमीटर वेगाचा फटका, म्हणजे चेंडू ०.४ सेकंदात पोचतो. डोळ्यांना दिसून शरीर हलेपर्यंतच त्यातला निम्मा वेळ जातो. म्हणून गोलकीपर आधीच अंदाज बांधून उडी टाकतात. २००७ साली इस्रायलमधल्या काही संशोधकांनी मोठ्या स्पर्धांतल्या २८६ पेनल्टी तपासल्या. शंभरातले जवळजवळ २९ फटके मधोमध आले होते. गोलकीपर मात्र मध्ये थांबले ते शंभरात जेमतेम सहा वेळा. जे थांबले त्यांनी तीनातली एक पेनल्टी अडवली, आणि डावीकडे-उजवीकडे झेपावणाऱ्यांना सातातली एकही धड जमली नाही. मग थांबत का नाहीत? कारण झेप टाकून गोल झाला तर लोक म्हणतात, बिचाऱ्याने प्रयत्न केला. जागेवर उभं राहून गोल झाला तर म्हणतात, पुतळा उभा केलाय का तिथे? काहीतरी केल्यासारखं दिसलं पाहिजे, ह्या दडपणाखाली माणसं कमी उपयोगाची गोष्ट करतात.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बाहेर पडवीत जाऊन बसलो. कारण ते माझ्याबद्दल होतं.

मी काय करतो हे ह्या पानावर येणाऱ्या जुन्या वाचकांना माहीत आहे. नव्यांसाठी : एका कंपनीत प्रॉडक्शन सपोर्ट. रात्री लाखो व्यवहारांची बॅच चालते, ती सकाळी सहाच्या आत नीट संपली पाहिजे. नऊ वर्षं हेच करतोय. ह्या वर्षी दिवाळीच्या गर्दीत आमची सिस्टिम एक मिनिटही बंद पडली नाही. ती पडू नये म्हणून ऑगस्टपासून आम्ही काय काय केलं ते सांगत बसत नाही, तुम्हाला झोप येईल. तर अप्रेझलचा फॉर्म आला. पहिलाच प्रश्न, यंदा तुम्ही डिलिव्हर केलेल्या तीन ठळक गोष्टी लिहा. मी लिहिलं, दिवाळीत काही झालं नाही. मॅनेजर हसला, म्हणाला हे असं नाही चालत, काहीतरी दाखवण्यासारखं लिही. शेवटी रेटिंग आलं 'अपेक्षेनुसार'. आणि शेजारच्या टीममध्ये ज्याच्या कोडमुळे सिस्टिम चार तास झोपली होती आणि ज्याने मग रात्रभर जागून ती उठवली, त्याला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या आणि गिफ्ट व्हाउचर. पोरगा चांगला आहे, माझा मित्र आहे, त्याच्यावर राग नाही. तो सगळ्यांना दिसेल अशी उडी मारत होता, एवढंच.

वर आणखी एक. "दोन फ्रेशर तुझ्याकडे देतो, त्यांना तयार कर." आता आमच्या धंद्यात ह्याचा एक अर्थ असाही होतो की तुला स्वतःला खेळायला आता फारसं काही उरलेलं नाही. दरम्यान दुसऱ्या एका कंपनीची ऑफर हातात होती. नवीन प्रॉडक्ट, सगळं पहिल्यापासून बांधायचं, म्हणजे दाखवण्यासारखं भरपूर. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं.

बाबांना सगळं सांगितलं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. फुटबॉलशी त्यांचा संबंध शून्य. पण पेनल्टीचा किस्सा त्यांना फार आवडला, दोनदा सांगायला लावला.

"मग तुमचं काय व्हायचं हो बाबा? तुमच्या फॉर्मात काय लिहायचात?"

"कसला फॉर्म? गाडी घाटात बंद पडली की रिपोर्ट. नाही पडली तर कसला रे रिपोर्ट?"

"मग कळायचं कसं कुणाला, की तुम्ही नीट बघितलीत म्हणून नाही पडली?"

"कळतंय कशाला? आंबा घाट चढून गाडी कोल्हापूरला पोचली, माणसं उतरून आपापल्या घरी गेली. त्यांनी काय खाली वाकून ब्रेक बघायचे?"

मग आत जाऊन त्यांनी एक वही आणली. जाड पुठ्ठ्याची, कडा काळ्या पडलेल्या. गाडीचा नंबर, तारीख, काय दिसलं, काय बदललं. 'पाटा तडकलेला. ड्रायव्हरची तक्रार नव्हती.' अशा ओळीच्या ओळी. साहेबांना दाखवायला नाही, कारण साहेबांनी ती कधी मागितली नाही. हाताखाली जी नवीन पोरं यायची त्यांना ते ती वाचायला लावायचे. "तक्रार आल्यावर कोण पण शोधील. तक्रार नसताना कुठे हात लावून बघायचा ते ह्याच्यात आहे." त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी किती जण अजून नोकरीत आहेत ते त्यांना नावानिशी माहीत आहे. दर दिवाळीला फोन येतात, तेही मी लहानपणापासून बघतोय. ते फोन कशाचे असतात ह्याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

त्या रात्री मी परत शंखवाळकरांकडे वळलो, पण ह्या वेळी गोलकीपर म्हणून नाही, प्रशिक्षक म्हणून.

गोलकीपर दिसत नाही म्हणावं तर गोलकीपरचा प्रशिक्षक त्याहून दिसत नाही. निदान गोलकीपरच्या नावापुढे ते शून्य तरी लागतं. प्रशिक्षकाचं नाव त्या शून्याच्याही मागे. आणि काम किती विचित्र आहे ते बघा. फुटबॉलचा नियम १९९२ साली बदलला. त्याआधी आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपर खुशाल हातात उचलायचा, दम खायचा, वेळ काढायचा. १९९२ पासून ते बंद. जाणूनबुजून पायाने दिलेला चेंडू हातात घेता येत नाही, पायानेच खेळावा लागतो. धावत अंगावर येणारा स्ट्रायकर समोर असताना! शंखवाळकरांची भारतासाठीची सगळी दहा वर्षं जुन्या नियमातली. म्हणजे नंतर त्यांनी ज्या पोरांना शिकवलं त्यांना ते स्वतः भारताकडून कधी न खेळलेल्या खेळासाठी तयार करत होते. आणि नियम अजूनही थांबलेले नाहीत. २०२५ पासून गोलकीपरने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात धरला तर समोरच्या संघाला सरळ कॉर्नर मिळतो.

मग जुन्या गोलकीपरकडून नव्याने शिकायचं तरी काय? मला वाटतं, जे नियमाबरोबर बदलत नाही ते. कुठे उभं राहायचं. कधी पुढे यायचं आणि कधी नाही. बचाव करणाऱ्यांना हाक कधी घालायची, म्हणजे फटका बसायच्या आधीच तो बंद होईल. गोल खाल्ल्यावर पुढच्या मिनिटाला चेहरा कसा ठेवायचा. समरूप त्रिकोण १९७६ साली होते तेच आज आहेत. ह्या गोष्टी पुस्तकात सापडतात, पण अंगात उतरतात त्या कुणीतरी शेजारी उभं राहून "अर्धं पाऊल डावीकडे" म्हटल्यावरच. कडक मैदानावर खरचटून घेत जे कळलं ते दुसऱ्याला कमी खरचटून कळावं, एवढीच ह्या धंद्यातली कमाई.

मी आमच्या फ्रेशर्सचा विचार केला. मी ज्या सिस्टिमवर शिकलो ती कधीच मोडीत निघाली. आता सगळं क्लाउडवर, निम्मा कोड तर मशीनच लिहून देतं. ह्या पोरांना मी माझ्या कमांड्स शिकवून काय उपयोग? पण रात्री तीन वाजता कुठला आकडा नेहमीपेक्षा जरा जास्त शांत आहे हे बघायची सवय... ती कुठल्या भाषेत लिहिलेली असते?

पुरस्कारांच्या तारखांकडेही एकदा बघून घ्या. भारतासाठी शेवटचं खेळले १९८६ ला. अर्जुन मिळाला १९९७ ला, अकरा वर्षांनी. पद्मश्री २०२२ ला, छत्तीस वर्षांनी. त्याआधी अर्जुन मिळालेले गोलकीपर पीटर थंगराज, त्यांना तो १९६७ साली मिळाला होता, म्हणजे दोघांच्या मध्ये तीस वर्षं. हे काही आपल्याकडचंच दुखणं आहे असंही नाही. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला बालन डोर देतात, तो इतक्या वर्षांत एकाच गोलकीपरला मिळालाय, रशियाच्या लेव्ह याशिनला, १९६३ साली. पुढच्या पिढीत सुब्रत पालला २०१६ आणि गुरप्रीतसिंग संधूला २०१९ साली अर्जुन मिळाला, दोघंही खेळत असतानाच. थोडं बदललंय म्हणायचं.

'उशिरा का होईना, न्याय होतो' असं म्हणायला इथे जागा आहे खरी, पण मी म्हणणार नाही. छत्तीस वर्षं हा उशीर नाही, आख्खं आयुष्य आहे. आणि ज्यांना कधीच मिळत नाही त्यांची तर यादीसुद्धा नसते. शिवाय कुठल्याही गोलकीपरला पुरस्काराच्या भरवशावर तिथे उभं राहताच येणार नाही, पहिल्या सीझनलाच सोडून जाईल. तिथे टिकायला दुसरं काहीतरी लागतं. फटका आपल्या छातीवर आला तेव्हा तो सोपा नव्हता, आपण आधी दोन पावलं सरकलो म्हणून सोपा झाला, हे स्वतःला पक्कं माहीत असणं. आणि हे माहीत असणारा दुसरा एक माणूस तयार करणं. नाहीतर ती माहिती आपल्याबरोबरच संपते.

लहानपणी आमच्या आळीत फुटबॉल खेळायचो तेव्हा (हो, वर्षातून दोन-चार वेळा, कुणाच्या मामाने मुंबईहून चेंडू आणला की) सगळ्यात लहान किंवा सगळ्यात जाड पोराला गोली करायचे. "तू रे, तू गोलीत जा." तो रडवेला होऊन दोन दगडांच्या मधे उभा राहायचा. गोल झाला की सगळे त्याच्या अंगावर, नाही झाला तर तो तिथे आहे हे कुणाच्या लक्षातही नाही. कातळावर झेप कोण टाकणार, गुडघे सोलून निघायचे. आम्हाला कुणी सांगितलंच नाही की हे सुद्धा शिकायचं असतं, ह्यालाही एक गुरू लागतो, आणि अडीचशे किलोमीटरच्या आत तसा एक माणूस आहे ज्याने नेमकं ह्याच जागेवर उभं राहून देशाचं कप्तानपद केलंय.

असो. रविवारी रात्री मी दुसऱ्या कंपनीला मेल टाकली, धन्यवाद, सध्या नको. हे फार थोर वगैरे काही नाही. पगारातला फरकही तसा फार नव्हता, खोटं कशाला बोलू? पुढच्या वर्षी विचार बदलेलही. मॅनेजरला मात्र एक अट घातली, की फॉर्मात 'टळलेल्या गोष्टी' असा एक रकाना आमच्या टीमपुरता तरी वाढवायचा. तो म्हणाला, बघू. 'बघू' म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तोपर्यंत आपली वही आपण ठेवायची.

ते दोघे सोमवारपासून आलेत. एक जळगावचा, एक बेळगावची. पहिल्याच दिवशी मुलीने विचारलं, "सर, अलर्ट वाजला की पहिल्यांदा काय करायचं?" मी म्हटलं, पहिली तीस सेकंदं कीबोर्डला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं. दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, की हा माणूस पगार नक्की कशाचा घेतो.

मग त्यांना इस्रायलच्या त्या २८६ पेनल्टींची गोष्ट सांगितली. जळगावकर थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पण सर, तीस सेकंदांत गोल झाला तर?"

पोरगा तयार होईल.